व्हेस्टाचा खडक-नकाशा आणि न सापडलेले ऑलिव्हीन

डॉन हे यान जुलै २०११ पासून सप्टेंबर २०१२ पर्यंत व्हेस्टा या सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहाभोवती फिरत होते. ते तिथे उतरले नाही, एक कणही त्याने उचलला नाही. तरीही व्हेस्टाच्या कोणत्या भागात कोणत्या जातीचा खडक आहे, हे आज आपण नकाशावर दाखवू शकतो. हे सारे परावर्तित सूर्यप्रकाशाच्या वर्णपटामुळे, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती परत येतो याच्या नोंदीमुळे, साध्य झाले. पायरॉक्सिन या खनिजातील लोह ०.९ आणि १.९ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश शोषून घेते, आणि लोह व कॅल्शियमचे प्रमाण वाढत गेले की हे शोषणपट्टे दीर्घ तरंगलांबीकडे किंचित सरकतात. यानावरील इटालियन वर्णपटमापकाने हे सरकणेच जागोजाग मोजले.

मात्र या मोजमापाला खडकाचे नाव देता येते, ते पृथ्वीवर पडलेल्या अशनींमुळे, म्हणजे अवकाशातून आलेल्या दगडांमुळे; त्यांतल्या तीन जातींचा वर्णपट व्हेस्टाशी जुळतो. युक्राइट म्हणजे पृष्ठभागावर किंवा उथळ थरात थिजलेला बेसाल्ट, डायोजेनाइट म्हणजे खोलवर सावकाश निवालेला खडक, आणि हॉवर्डाइट म्हणजे आघातांनी झालेले या दोहोंचे मिश्रण. आम्हा बडोदेकरांना पावागडाच्या वाटेवर जो काळा बेसाल्ट दिसतो, त्यातही पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज हीच मुख्य खनिजे आहेत. फरक वयाचा आहे, कारण दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर युक्राइट साडेचारशे कोटी वर्षांच्या घरातले. १९९६ मध्ये राजस्थानात पिपलिया कलां येथे पडलेला अशनी युक्राइटच होता. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना त्यात अॅल्युमिनियम-२६ च्या, म्हणजे ऱ्हास होताना उष्णता देणाऱ्या किरणोत्सारी अॅल्युमिनियमच्या, ऱ्हासाच्या खुणा सापडल्या, आणि एवढे लहान पिंड वितळण्याइतकी उष्णता कुठून आली असावी याचे एक सबळ उत्तर त्यातून मिळाले. आपल्या शेजारी झालेल्या या कामाचा उल्लेख मराठी लेखनात क्वचितच आढळतो, म्हणून तो येथे आवर्जून केला.

नकाशात विषुववृत्ताच्या आसपास युक्राइट व हॉवर्डाइट यांचे वर्चस्व दिसते, तर दक्षिण ध्रुवावरील सुमारे ५०० किलोमीटर रुंदीच्या ऱ्हेआसिल्व्हिया विवरात डायोजेनाइटचे प्रमाण वाढते. इतक्या प्रचंड आघाताने कवच फोडून त्याखालच्या प्रावरण या थरातले ऑलिव्हीन हे खनिज उघडे पाडले असेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते तिथे ठळकपणे दिसले नाही. दिसले ते उत्तर गोलार्धात, बेलिसिया आणि अरुंशिया या विवरांजवळ, जिथे कोणी ते शोधायला गेले नसते. एक स्पष्टीकरण असे की कवच अपेक्षेपेक्षा जाड असावे. दुसरे असे की उत्तरेचे ऑलिव्हीन बाहेरून आदळलेल्या एखाद्या पिंडाने आणलेले असावे. याशिवाय पायरॉक्सिनचे पट्टे इतके प्रबळ असतात की मिश्रणातले थोडेफार ऑलिव्हीन त्यांच्याखाली झाकले जाते. त्यामुळे दक्षिणेकडे ते मुळीच नाही, असे म्हणणे मला घाईचे वाटते. तिथली माती प्रत्यक्ष आणून तपासल्याशिवाय हा वाद मिटणार नाही.