गुलाबी लाईन, आमची टीम आणि सर

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिका समितीनं माजी विद्यार्थ्याचं मनोगत म्हणून दोन पानं मागितली आहेत. डॉक्टर, वकील, प्राध्यापक झालेली मंडळी शाळेच्या इमारतीबद्दल, संस्थापकांबद्दल, संस्कृत-गणिताच्या शिक्षकांबद्दल नीट लिहितीलच, मला ते जमायचं नाही. गणिताच्या सरांची माझ्याकडं एकच आठवण आहे आणि ती उजव्या कानाची आहे. मी लिहिणार ते 1986 ते 88 या वर्षांतली आपली फुटबॉल टीम आणि पी.टी.चे सर यांच्याबद्दल. आमच्या बॅचला नुसतं ‘सर’ म्हटलं की तेच, बाकीचे सगळे आडनावासकट सर, त्यामुळं त्यांचं नाव लिहायची गरज नाही. पोरांची नावं पण मुद्दाम लिहीत नाही, लिहायला बसलो आणि एखादं राहिलं तर मला पेठेतनं जायची चोरी होईल.

आता तुम्ही म्हणाल शाळेची टीम ती काय, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ज्यांनी हजारो लोकांसमोर मॅची काढल्या त्यांच्याबद्दल लिही की. पण अहो ते प्लेअर आले कुठनं? तालमीच्या, म्हणजे क्लबच्या, सिनियर टीममध्ये जाण्याआधी प्रत्येक जण कुठल्यातरी शाळेच्या ग्राउंडवर अनवाणी पळलेला आहे. आमच्या वेळी आख्ख्या टीमला पुरतील एवढे बूट नव्हतेच. एका जोडीत दोघं खेळायचे, उजव्या पायाचा उजवा बूट घालायचा आणि डाव्या पायाचा डावा, दुसरा पाय तसाच. हे आता पोरांना सांगितलं तर त्यांना मी थापा मारतोय असं वाटतं. बॉल कातड्याचा, पावसात भिजला की असा जड व्हायचा की हेडिंग करणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. ब्लॅडर पंक्चर झाला की सर सायकलच्या दुकानात नेऊन स्वतः पॅच लावून आणायचे आणि शिवण उसवली की बिंदू चौकात चांभाराकडं, पैसे बहुतेक स्वतःचे.

सर दर वर्षी टीम निवडायच्या आधी आम्हाला ग्राउंडवर खाली बसवून राजाराम महाराजांचं सांगायचे, 1940 साली के.एस.ए. म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन कशी झाली, कुस्तीच्या तालमी तिथं होत्याच आणि त्याच तालमींनी फुटबॉलच्या टीम कशा उभ्या केल्या, म्हणून आपल्याकडं क्लबला अजून तालीम म्हणतात वगैरे. पोरांना ते पाठ होतं. आम्हाला त्यात इंटरेस्ट एवढाच की कोण कुठल्या तालमीचा. कारण टीममधली निम्मी पोरं शिवाजी पेठेतली आणि निम्मी मंगळवार पेठेतली. एक गट खंडोबा, शिवाजी मंडळवाला, दुसरा पाटाकडील, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लबवाला. घरात काका, मामा, थोरला भाऊ कोणीतरी खेळणारा, आणि आदल्या दिवशी स्टेडियमवर काय झालं ते दुसऱ्या दिवशी आमच्या प्रॅक्टिसला उतरायचं. आमचा लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेनं खेळणारा, एका पेठेचा आणि सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मध्ये गोल मारणारा, दुसऱ्या पेठेचा. दोघंही भारी. पण लेफ्ट आऊट कॉर्नर फ्लॅगपर्यंत बॉल नेईल, दोघांना कट मारेल, शेवटी बॉल बाहेर घालवेल, मध्ये उभ्या असलेल्या ह्याला पास म्हणून देणार नाही. ह्यानं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला तरी नाही.

सर दोघांना काही बोलले नाहीत, भाषण नाही, छडी नाही. दोघांना फक्कीचं काम लावलं. मॅचच्या दिवशी सकाळी साडेसहाला यायचं आणि दोघांनी मिळून ग्राउंड आखायचं. एकानं खुंटी ठोकून सुतळी ताणून धरायची, दुसऱ्यानं तळाला भोकं पाडलेला डालड्याचा डबा हलवत सुतळीवरनं फक्की सोडत जायचं. पेनल्टी बॉक्स गोलपोस्टपासून 18 यार्ड, पेनल्टीचा ठिपका 12 यार्डावर, सेंटर सर्कल खुंटीला 10 यार्ड सुतळी बांधून फिरवायचं. लाईन वाकडी गेली की पायानं पुसायची आणि पुन्हा. मी टीममध्ये होतो पण बाराव्या नाहीतर तेराव्या नंबरचा, त्यामुळं फक्कीची बादली माझ्याकडं. पहिले काही दिवस दोघांत एवढाच संवाद, ‘ताण.’ ‘ताणलीय.’ ‘हलवू नको.’ ‘तू हलवतोयस.’ पुढं भांडत भांडत का होईना बोलायला लागले, कारण न बोलता सर्कल गोल येतच नाही, बघा करून कधी.

आणि मग ती मॅच. आंतरशालेय, आपल्याच ग्राउंडवर, 1987 च्या ऑक्टोबरात. आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला आणि जिन्याखाली ठेवलेलं फक्कीचं पोतं भिजून गोळा झालं. सकाळी साडेसहाला कुठलं दुकान उघडं असणार! आमच्या सेंटर फॉरवर्डला आठवलं की मुलींच्या रांगोळी स्पर्धेची उरलेली रांगोळी स्टाफरूमशेजारच्या कपाटात आहे. शिपाईमामांना चहा पाजून कपाट उघडलं. पांढरी होती ती दोन्ही टचलाईन, मधली लाईन आणि एका बाजूच्या बॉक्सला संपली. राहिली ती गुलाबी. लेफ्ट आऊट म्हणाला गुलाबी तर गुलाबी, लाईन दिसल्याशी कारण. मग पलीकडचा आख्खा पेनल्टी बॉक्स गुलाबी झाला, ठिपक्यासकट. सर आले, कमरेवर हात ठेवून एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘लग्न कुणाचं हाय रं?’ बस, एवढंच.

सेकंड हाफला आम्ही एक गोलनं मागं. गोल पण कसला, चिखलात बॉल थांबला आणि आमचा गोलकीपर घसरला, असो. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असतील, डावीकडनं लेफ्ट आऊट सुटला, आणि खरं सांगतो, त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा मान वर करून मध्ये बघितलं आणि पास टाकला. सेंटर फॉरवर्डनं पहिल्याच टचला किक मारली, त्यांच्या स्टॉपरच्या हाताला लागली, रेफ्रींनी शिट्टी मारली आणि ठिपक्याकडं बोट केलं, म्हणजे पेनल्टी. स्टॉपरचा हात बरोब्बर गुलाबी लाईनीच्या वर होता. झालं, त्यांचे कोच आत. ‘हात बॉक्सच्या बाहेर होता, लाईनवर होता, आणि ही कसली लाईन, गुलाबी लाईन कुठं असती का?’ भोवती पोरांचा गराडा, आमची काही मंडळी कंपाउंडच्या भिंतीवरनं उड्या टाकायच्या तयारीत.

सर आत गेले ते खिशातनं रूल बुक काढतच गेले. ते पुस्तक त्यांच्या पँटीच्या मागच्या खिशात कायम असायचं, कव्हर गेलेलं, ब्राऊन पेपरात बांधलेलं. त्यांनी पान काढून आधी रेफ्रींना आणि मग त्या कोचना दाखवलं. लाईन स्पष्ट दिसली पाहिजे आणि 5 इंचापेक्षा रुंद असू नये असं त्यात होतं, रंगाबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि लाईन ही बॉक्सचाच भाग धरतात, म्हणजे लाईनवरचा हात हा आतलाच हात. आवाज चढवला नाही, उलट शेवटी म्हणाले, ‘सर, मोजायची असली तर टेप हाय, मोजू या.’ खरोखर टेप मागवला! मोजली. साडेचार इंच भरली. आता सांगा, शाळेच्या मॅचला साडेचार इंच लाईन मोजणारा पी.टी.चा सर तुम्ही कुठं बघितलाय? बाकीच्या शाळांत तेव्हा पी.टी.चा तास म्हणजे पोरांपुढं बॉल फेकायचा आणि सरांनी स्टाफरूममध्ये चहा घ्यायचा.

पेनल्टी सेंटर फॉरवर्डनं घेतली आणि बारच्या वरनं थेट पलीकडच्या वाड्याच्या कौलावर घालवली. मॅच हरलो.

पोरगं रडायला लागलं. घरी गेल्यावर थोरला भाऊ सोलून काढणार होता ते वेगळंच. सरांनी सगळ्यांना खाऊ गल्लीत नेऊन भडंग आणि चहा दिला आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकची मॅच सांगितली, आपली इंडियाची टीम, बहुतेक जण अनवाणी, समोर फ्रान्स, आणि आपण 2-1 नं हरलो, दोन पेनल्टी घालवून. ‘त्यांनी दोन घालवल्या, तू एक. त्यांच्यापेक्षा बरा हाईस.’ ते पोरगं रडता रडता हसलं. दुसऱ्या दिवसापासनं मात्र शाळा सुटल्यावर रोज तीस पेनल्टी, गोलमध्ये स्वतः सर उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. हेच पोरगं पुढं तालमीच्या सिनियर टीममध्ये गेलं आणि शाहू स्टेडियमवर टायब्रेकर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी, आला की पहिली किक ह्याचीच. मी गॅलरीत बसून बघितल्यात, तेव्हा सांगतोय. आणि लेफ्ट आऊट समोरच्या टीमला, दुसऱ्या पेठेकडनं. मॅच संपली की दोघांचे सपोर्टर एकमेकांच्या अंगावर आणि हे दोघं मागच्या गेटनं एका स्कूटरवरनं घरी, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

आज सेंटर फॉरवर्डचं गुजरीत चांदीचं काम आहे. लेफ्ट आऊट महापालिकेत आहे, रिटायरमेंटला आलाय, गुडघा कामातनं गेलाय. गोलकीपर रिक्षा चालवतो. एक हाफ बॅक मिलिटरीत गेला आणि तिथं रेजिमेंटकडनं खेळला. मी स्वतः उद्यमनगरात हेल्पर म्हणून लागलो, आता गोकुळ शिरगावला स्वतःचं मशीन शॉप आहे, दोन सी.एन.सी. मशीन आहेत, पुण्याच्या कंपन्यांचे पार्ट जातात. मोठेपणा म्हणून सांगत नाही, पण मायक्रॉनमध्ये माप घेताना नव्या पोरानं ‘चालतंय की’ म्हटलं की मला ती टेप आठवते आणि मी पार्ट रिजेक्ट करतो. घरी मुलगी फुटबॉल खेळते, तिच्याकडं तीन जोड बूट आहेत आणि तिन्ही तिला टोचतात.

आताच्या फुटबॉलबद्दल बोललो की पोरं म्हणतात काका तुमचं झालं सुरू. झालं तर झालं. खेळ वाढलाय हे मान्य, आपला अनिकेत जाधव 2017 ला अंडर-17 वर्ल्डकपला दिल्लीत इंडियाच्या जर्सीत उतरला तेव्हा पेठेत फटाके फुटले, निखिल कदम मोहन बागानकडनं खेळला, हे आमच्या वेळी स्वप्नात नव्हतं. पण सीझनच्या आधी नोंदणीला कोण किती घेऊन कुठल्या टीममध्ये गेला ह्याचीच चर्चा जास्त, पेठेच्या टीममध्ये पेठेतली पोरं शोधावी लागतात, परदेशातनं प्लेअर येतात. ते बिचारे चांगले खेळतात, त्यांच्यावर राग नाही. पण गल्लीतल्या पोराला पंधरा मिनिटं पण मिळाली नाहीत तर तो कशाला येईल प्रॅक्टिसला? आणि गॅलरीतली शिवीगाळ, बाटल्या. आम्ही पण धुतल्या तांदळासारखे नव्हतो, तरी कुटुंबाला घेऊन मॅचला जायची सोय होती.

शाळेचं सांगायचं तर आपल्या ग्राउंडच्या निम्म्या भागावर आता पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यावर गाड्या लागतात. गुलाबी बॉक्स होता तिथं बरोब्बर सायकल स्टँड आहे. अमृतमहोत्सवात नवीन सभागृह होणार असं पत्रिकेत वाचलं, चांगलं आहे, देणगी मी देणार आहेच, पण त्यातले थोडे पैसे राहिलेल्या ग्राउंडवर माती टाकायला वापरा, एवढी समितीला विनंती. तिथली खडी गुडघे फोडते.

टीमचा एक फोटो सोबत देतोय. मागच्या ओळीत टोकाला बादली घेऊन उभा आहे तो मी, बादली ठेव म्हटलं तरी ठेवली नव्हती.

सर आता गावी असतात, गारगोटीच्या पुढं. ऐकायला कमी येतं, फोनवर निम्मं कळत नाही, पण आवाजावरनं पोरगं ओळखतात. समितीचं पत्र त्यांना पोचलंय, पण एस.टी.नं येणं आता त्यांना होत नाही. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांना आणायला मी गाडी घेऊन जाणार आहे, सकाळी सातला मिरजकर तिकटीवरनं निघायचं. लेफ्ट आऊट आणि सेंटर फॉरवर्ड दोघं येतोय म्हणालेत, मागं एकाची जागा आहे. ज्याला यायचं त्यानं आधी फोन करा, आणि मावा-तंबाखू खाऊन येऊ नका, सर अजून तोंड उघडायला लावून बघतात.