चाई नव्हतीच ती

भांगाच्या उजव्या अंगाला रुपयाएवढी जागा उघडी पडली, तेव्हा सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं, ‘चाई पडली.’ मग दोन महिने कांद्याचा रस. आग व्हायची, केस काही आले नाहीत. त्याच सुमारास गालावर, कानापुढे, एक काळपट डाग उठला. तो उन्हाच्या नावावर गेला. मी रावेर तालुक्यात अंगणवाडीत आहे. एप्रिल-मेच्या फुफाट्यात घरोघर फिरावं लागतं, त्यामुळे मलाही ते पटलं. गावाजवळच्या दवाखान्यात गजकर्णाचं मलम मिळालं. त्यात वर्ष गेलं आणि रुपयाची जागा लिंबाएवढी झाली.

शेवटी जळगावला त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. मी पदर सारून डोकं पुढे केलं, तर त्या म्हणाल्या, ‘ताई, आधी कानातले काढा.’ कानाच्या वाटीत खरखरीत डाग होता, त्यात काळे बारीक ठिपके. मी तो मळ समजून दर रविवारी टॉवेलने घासत होते! मग त्यांनी डोक्यावरचा एक पापुद्रा चिमट्याने उचलून उलटा धरला. खालून बारीक काटे निघालेले. केसांच्या छिद्रांत बसलेली बुचंच ती.

चाईत छिद्रं शाबूत असतात, म्हणून केस परत येऊ शकतात. माझ्या डोक्यावर मधली कातडी पांढरट, पातळ झालेली, छिद्रंच बुजलेली, कडेला काळी किनार. गाल, कान, डोकं, तिन्ही डाग एकाच दुखण्याचे होते: डिस्कॉइड ल्युपस, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते तो आजार. गोऱ्या कातडीवर ते लालभडक उठतं. आपल्या सावळ्या रंगावर लाली जांभळट, काळपट दिसते आणि लोक वांग समजून सोडून देतात, असं मॅडम म्हणाल्या.

खात्रीसाठी बायोप्सी. मी म्हटलं, घ्या तुकडा मधूनच, तिथले केस तर गेलेच आहेत. पण त्यांनी ४ मिलिमीटरचा तुकडा कडेचा, केस शिल्लक असलेल्या जागेचा घेतला. मध्ये आता फक्त व्रण उरलाय म्हणे. केळीवाल्याची लेक मी, लगेच कळलं. करपा ओळखायचा तर पूर्ण वाळलेलं पान कोण नेतं? पिवळा पडत चाललेला काठ नेतात.

ल्युपस मूत्रपिंडात, सांध्यांतही उतरू शकतो, म्हणून रक्ताची एएनए (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटली आहे का, याचा अंदाज देणारी चाचणी) आणि लघवीची तपासणी झाली. दोन्ही ठीक आल्या. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

मग हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, २०२० मध्ये कोरोनात टीव्हीवर गाजली तीच गोळी. वजन बघून मात्रा ठरली, आणि ती डोळ्यांच्या पडद्याला बाधू शकते म्हणून सुरुवातीलाच डोळे तपासून घेतले. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, हे आधीच बजावलं होतं. दर महिन्याला डागाच्या कडेत स्टेरॉइडची इंजेक्शनं. ती मात्र खरंच दुखतात. खुर्चीचा हात घट्ट धरून बसते मी. वर सनस्क्रीन आणि टोपी. अंगणवाडीतली पोरं मला ‘टोपीवाली बाई’ म्हणतात.

बुजलेल्या जागेवर केस येणार नाहीत, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही बघतो ती फक्त कड. दर महिन्याच्या १ तारखेला नवरा डोक्यावर पट्टी ठेवून फोटो काढतो. सहा फोटो झाले, लिंबू तेवढंच आहे. सासूबाई मात्र अजून अधूनमधून कांदा किसायला घेतात.