नवसाचे पाय, वारीचे पाय

सासवड सोडलं की दिंडीत खंडोबाचा विषय निघतोच. पुढचा मुक्काम जेजुरी, आणि जेजुरी म्हणजे नवसाच्या देवाचं गाव. माउलींची पालखी पोचते तेव्हा तिच्यावर भंडारा उधळतात, टाळकऱ्यांचे पांढरे सदरे पिवळे होतात. याच गावात नवस फेडायला आलेली मंडळी वाघ्याकडून लोखंडी साखळीचा लंगर तोडवून घेतात. देवाशी वागण्याच्या दोन तऱ्हा एकाच मुक्कामात दिसतात, म्हणून चालताना आमच्यात सगळ्यात जास्त वाद याच टप्प्यावर होतो.

देवाला राजी करण्याची धडपड फार जुनी. यजुर्वेदातल्या शतरुद्रीय या रुद्राच्या स्तोत्रात पहिला नमस्कार रुद्राच्या रागाला आहे, मग त्याच्या बाणाला, धनुष्याला. रोमन लोकांचा मामला रोखठोक: काम झालं तर अमुक देईन, आणि काम झाल्यावर दिलं नाही तर देवाचं देणं अंगावर. ऐतरेय ब्राह्मण या यज्ञविधींवरच्या वैदिक ग्रंथातली गोष्ट मात्र वेगळ्या वळणाची. बळी देण्याजोगं जे सत्त्व, तो मेध माणसातून निसटून घोड्यात शिरतो, तिथून बैलात, मेंढ्यात, बोकडात, आणि शेवटी जमिनीत जाऊन तांदूळ होतो. म्हणून यज्ञात पुरोडाश, म्हणजे तांदळाच्या पिठाची भाकर. बोकडाऐवजी नारळ फोडणारे आपणही त्याच वाटेचे. जेरुसलेमचं मंदिर इ. स. ७० मध्ये पाडलं गेलं, तिथले बळी थांबले आणि ज्यूंकडे त्यांची जागा प्रार्थनेने घेतली. कुराणही कुर्बानीबद्दल सांगतं की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो भाव. वस्तू अशी विरत गेली. देवाकडून काही मिळवायची आस तेवढी चिवट निघाली.

तुकोबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. नवसाने पोरं होत असती तर नवरा कशाला लागला असता? आणि विठोबा तर रुसलेलाच नाही. पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर तोच ताटकळत उभा आहे, त्याची काय मनधरणी करायची! वारकरी मागतो ते एवढंच, वारी चुकू देऊ नको.

तरीही नवस वारीत शिरतो, तो पायांतून. हाल वाढवले की देव लवकर पावेल, या हिशोबाने कुणी सवय नसताना अनवाणी निघतो. पुणे–सासवड हा मोठा टप्पा, साधारण ३० किलोमीटर, त्यात दिवे घाट आणि बहुधा एकादशी. निर्जळी धरलेले लोक घाटात चक्कर येऊन बसतात. उपास करा, पण पाणी, केळं, राजगिऱ्याचा लाडू सोडू नका. चप्पल जुनी, रुळलेली हवी. नव्या पट्ट्याने दुसऱ्याच दिवशी फोड येतो. तो सोलायचा नाही. स्पिरिटने पुसलेली सुई कडेला टोचून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवून कोरडी पट्टी बांधायची. मधुमेह असेल तर स्वतः हातसुद्धा लावू नका, थेट वैद्यकीय पथकाकडे जा.

गाऱ्हाणं सांगायची वारीची स्वतःची रीत आहे. मुक्कामी समाज आरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, टाळ-मृदंग टिपेला पोचलेले. चोपदार दंड उंच करतो आणि क्षणात सगळं शांत. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिच्यापाशी जातो, ऐकून घेतो, निवाडा करतो. ते टाळ थांबले की आरती सुरू.