नागपूर ते पचमढी, पाताळकोटमार्गे: गटसहलीचा पहिला दिवस

ज्या आयोजकांबरोबर आम्ही डिसेंबरमध्ये नागपूरहून पचमढीला मोटारसायकलने गेलो, त्यांच्या माहितीपत्रकात पहिल्या दिवसाचे वर्णन ‘सुमारे अडीचशे किलोमीटर, संपूर्ण डांबरी रस्ता, नवशिक्यांसाठी योग्य’ असे होते. पचमढीत मुक्कामाच्या फाटकाशी मी गाडी उभी केली तेव्हा मीटरवर ३१२ किलोमीटर झाले होते, रात्रीचे पावणेआठ वाजले होते आणि दिवसाचा सगळा जीव ज्या पाताळकोट दरीच्या उताराने खाल्ला, त्याचा पत्रकात एका शब्दानेही उल्लेख नव्हता. तो उतार ‘खास भेट’ म्हणून वाटेवरच्या तामिया गावी चहाच्या टपरीवर जाहीर झाला. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्या उताराविषयी आहे.

तिथपर्यंतचा रस्ता थोडक्यात सांगतो. मानकापूर चौकातून साडेपाचला निघायचे ठरले होते. फलक धरून छायाचित्रे काढण्यात सव्वासात वाजले. सावनेर, केळवद, सौंसर, सिल्लेवानी घाट आणि छिंदवाडा हा रस्ता चांगला आहे आणि पचमढीच्या महादेवाच्या यात्रेला जाणाऱ्या विदर्भातल्या माणसाला तो नव्याने सांगण्याची गरज नाही. परासियाच्या पट्ट्यात कोळशाचे ट्रक लागतात, तेथे ओव्हरटेकची घाई करू नये. पेट्रोलची टाकी छिंदवाड्यालाच पूर्ण भरावी. तामियाला आम्ही सव्वाबाराला पोहोचलो. येथपर्यंत तक्रारीला जागा नाही, उशीर सोडल्यास. आणि पुढचे सगळे त्या उशिरातूनच निघाले.

पाताळकोट ही सातपुड्यातली सुमारे १२०० ते १५०० फूट खोल, घोड्याच्या नालेसारखी दरी आहे. तिच्या पोटात भारिया आणि गोंड लोकांची बारा गावे सांगितली जातात. चारही बाजूंच्या कड्यांमुळे हिवाळ्यात तळाशी ऊन उशिरा उतरते आणि लवकर निघून जाते. हे वाचून माहीत होते, पण दुचाकीस्वारासाठी त्याचा अर्थ काय होतो ते मला दुपारी सव्वा वाजता तिसऱ्या वळणावर कळले. कड्याच्या सावलीतल्या त्या वळणाचा सिमेंटचा तुकडा अजून दवाने ओला होता, त्याच्या बाहेरच्या कडेला बारीक गिट्टी वाहून आलेली होती आणि उतार असा की गाडी उभी केली तरी पुढच्या ब्रेकवरचा हात काढता येत नव्हता.

माझी गाडी ३५० सीसीची, १९५ किलोंची आहे. मी पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर, व्यवस्थित उतरत होतो. वळणाच्या नेमक्या मधोमध लीड रायडरने, म्हणजे सर्वांच्या पुढे राहून वाट दाखवणाऱ्या आयोजकांच्या माणसाने, मागच्यांचे चित्रीकरण करण्यासाठी गाडी थांबवली. त्याच्या मागचा महाविद्यालयीन मुलगा दचकून थांबला आणि मलाही ब्रेक दाबावा लागला. एबीएस या ब्रेकच्या यंत्रणेमुळे चाक जाम झाले नाही, पण गिट्टीवर एबीएस चाकाला पुन्हा पुन्हा सोडते आणि गाडी लवकर थांबत नाही. पायाखालच्या लिव्हरची ती थरथर मला अजून आठवते. पुढचे चाक ओल्या सिमेंटवरून गिट्टीवर गेले आणि गाडी डावीकडे आडवी झाली. गुडघ्याच्या पॅडमुळे मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. क्लचचा लिव्हर मात्र मोडून बोटभरच उरला.

स्वीप रायडर, म्हणजे सर्वांच्या मागे राहून गट सांभाळणारा मुलगा, खरोखर कामाचा होता, हे नमूद केलेच पाहिजे. त्याने गाडी उचलायला मदत केली आणि घाबरलेल्या सर्वांना एकच गोष्ट तीन-तीनदा सांगितली, “भाऊ, क्लच दाबून उतरू नका, गाडी सुटते.” हीच सूचना नागपुरात निघताना द्यायला हवी होती. ज्यांनी आधी कधी तीव्र उतार केलेला नाही, ते भीतीने क्लच दाबतात, इंजिनाचा रोध संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि मग चाक घसरते. त्या दिवशी चौदापैकी चार गाड्या आडव्या झाल्या, त्यांपैकी तिघांचे कारण हेच होते.

बॅकअप गाडी वरच थांबली होती, कारण भरलेला टेम्पो ट्रॅव्हलर त्या वळणांवर उतरू शकत नाही. सुटे भाग त्याच गाडीत होते. दरीतल्या गावातल्या एका वयस्क गृहस्थांनी अंगणात बसवून पाणी दिले आणि “बेटा, इधर सुबह आना था” एवढेच म्हटले. त्यांचे बरोबर होते. मोडक्या लिव्हरच्या उरलेल्या बोटभर खुंटीवर दोन बोटे रोवून मी गाडी वर आणली. सव्वाचार वाजले होते आणि दरीत संध्याकाळ झाली होती.

वर नवा लिव्हर बसवून मिळाला. त्याचे बावीसशे रुपये लागले. ‘दुर्गम भागातील सेवा’ असे पावतीवर लिहिले होते. परत आल्यावर तोच लिव्हर मी नागपुरात साडेतीनशेला घेतला. बसवायला दहा मिनिटेही लागत नाहीत. माणशी साडेसहा हजार रुपये शुल्क घेऊन, स्वतःच्या लीड रायडरच्या चुकीने झालेल्या नुकसानीवर असा नफा घेणे मला अत्यंत अनुचित वाटते आणि मी त्यांच्याबरोबर पुन्हा जाणार नाही. तुम्ही कोणाबरोबरही जा, पण क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, क्लच केबल आणि दहा-बाराचा पाना स्वतःच्या पिशवीत ठेवा, आणि दुरुस्तीचे दर निघण्यापूर्वी लेखी मागा.

मटकुलीच्या पुढे पचमढीचा घाट आम्ही पूर्ण अंधारात चढलो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आजूबाजूला सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे, हेल्मेटची काच श्वासाने धुरकटते आणि एका वळणावर सांबर रस्त्याच्या मधोमध उभे होते. गट म्हणून गेलेली चौदा माणसे तोपर्यंत तीन तुकड्यांत विखुरली होती आणि पुढच्या तुकडीला मागची कोठे आहे याची कल्पना नव्हती. फोनला रेंज अधूनमधूनच मिळत होती.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना दोन प्रश्न विचारा: पाताळकोट कार्यक्रमात आहे का, आणि असल्यास उतरायला सुरुवात किती वाजता होणार? तीन वाजेपर्यंत परत वर येता येणार नसेल, तर कड्यावरूनच दरी पाहा आणि पुढे निघा. वरून दिसणारे दृश्यही पुरेसे भव्य आहे. खरे तर पाताळकोट एका दिवसात पचमढीला जोडूच नये, तामियाला मुक्काम करून सकाळी उन्हाबरोबर उतरावे आणि संपूर्ण दिवस त्याला द्यावा. पावसाळ्यात गिट्टी आणि शेवाळ दोन्ही असताना दुचाकीने उतरण्याचा विचारही करू नये. नागपंचमीच्या नागद्वारी यात्रेच्या आणि महाशिवरात्रीच्या दिवसांत हा सगळा रस्ता विदर्भातल्या बसगाड्यांनी आणि त्रिशूळ घेतलेल्या भाविकांनी भरलेला असतो, तेव्हाही गटसहल टाळावी.

दुसरा दिवस पचमढीत निवांत गेला, धूपगडावरचा सूर्यास्त सुंदर होता. परतताना आम्ही पाताळकोटच्या फाट्याला न थांबता सरळ आलो. सकाळी नऊपूर्वी पचमढी सोडली तर सिल्लेवानी घाट उजेडात उतरून संध्याकाळी नागपूर गाठता येते.