साकवाचं काम आमदार निधीत कसं बसलं: माझा अनुभव

आमच्या वाडीतल्या पोरांना शाळेत जायला पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडावा लागतो. आषाढात पाणी चढलं की लांबच्या वाटेने फेरा, नाहीतर त्या दिवशी शाळा बुडाली. त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, पाहिजे ही मागणी माझ्या सासऱ्यांच्या काळापासूनची. दर निवडणुकीत ती तोंडी सांगायची आणि "बघतो" ऐकून घरी यायचं, एवढंच चालत आलं होतं. या खेपेला शाळा व्यवस्थापन समितीतल्या आम्ही आयांनी ठरवलं की मागणी कागदावर न्यायची.

तालुक्याला आमदारांचा जनता दरबार भरतो. रेशनकार्ड, बदल्या, आजारपणातली मदत, सगळी गर्दी त्याचीच. दारातच त्यांचे स्वीय सहायक अर्ज वाचून घेतात. आमच्या एकाच अर्जात साकवही होता आणि शाळेतली शिक्षकाची रिकामी जागाही. ते म्हणाले, "ताई, याचे दोन अर्ज करा. शिक्षक निधीतून मिळत नाही. त्याला साहेबांना खात्याकडे पत्र द्यावं लागेल, नाहीतर अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, टाकावा लागेल." मला वाटतं, आमचं काम खरं तर तिथेच मार्गाला लागलं. आमदार गावात सभामंडप बांधतो तेवढंच त्याचं काम, असं आपल्याकडे धरून चालतात. शिक्षक, दवाखान्यातला डॉक्टर, एसटीची फेरी हे सगळं विधानसभेत विचारायचं असतं, आणि ते आपण त्याच्याकडे मागितलंच पाहिजे.

निधीचंही तेव्हाच कळलं. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये असतात, पण ते त्याच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो, मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि काम सरकारी यंत्रणा करते. सगळ्या मतदारसंघाला वाटायचे म्हटल्यावर एका वाडीच्या वाट्याला काय येणार? ज्यांचे कागद तयार, त्यांचं काम यादीत वर जातं. मला हे वावगं वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की हे वाडीवस्तीवर कोणी समजावून सांगत नाही.

ग्रामसभेचा ठराव लवकर झाला. खरं घोडं अडलं ते जागेपाशी. साकवाचं पलीकडचं टोक खाजगी जागेत उतरत होतं, आणि त्या सातबाऱ्यावर सामायिक नावांची ही लांब रांग. कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला, काही वारलेले आणि वारसनोंद नाही. फोनवर सगळे "हो हो" म्हणायचे, सहीला कोणी यायचं नाही. म्हणून आम्ही गणपतीची वाट बघितली. चाकरमानी कुठेही असो, गणपतीला घरी येतोच. संध्याकाळच्या आरतीआधी संमतीपत्र घेऊन त्या घरी गेलो. थोरल्या काकींनी एकच विचारलं, "आमच्या कलमांना धक्का नाही ना लागणार?" पोरांनी त्यांना जागेवर नेऊन खुंट्या दाखवल्या. मग काकींनी अंगठा दिला, आणि त्यांनी दिल्यावर बाकीच्यांनी तिथल्या तिथे, गणपतीवर बांधलेल्या माटवीखाली बसूनच सह्या केल्या. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे वेगळं जावं लागलं.

आमदारांचं शिफारस पत्र त्यानंतर मिळालं. पत्र जिल्हा नियोजन कार्यालयात गेलं, तिथून बांधकाम खात्याकडे अंदाजपत्रक मागवलं गेलं. अभियंता मोजमापाला आले तेव्हा पावसात पाणी कुठवर चढतं ते आम्ही आंब्याच्या बुंध्यावरच्या खुणेवरून दाखवलं, आणि त्यांनी साकवाची उंची त्या हिशोबाने धरली. ही गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती, म्हणून सांगते, मोजमापाच्या दिवशी गावातलं माहीतगार माणूस हजर ठेवाच.

मध्ये एका टेबलावर फाईल पडून राहिली. हिवाळी अधिवेशनासाठी आमदार नागपूरला होते, त्यामुळे पाठपुरावा आम्हीच केला. आवक क्रमांक लिहून ठेवला होता म्हणून फाईल सापडली. पोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका.

प्रशासकीय मान्यता आली, निविदा निघाली, आता दोन्ही बाजूंचे खांब उभे राहिलेत. शिक्षकाच्या जागेचं पत्र आमदारांनी खात्याला दिलं आहे, उत्तर आलेलं नाही. पुढच्या अधिवेशनात प्रश्न टाकावा म्हणून शाळेची पटसंख्या आणि वर्गवार माहिती मुख्याध्यापकांच्या सहीने त्यांच्या कार्यालयात देऊन आलो आहोत. साकवापासून शाळेपर्यंतच्या पाखाडीचा, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेचा, ठराव येत्या ग्रामसभेत घ्यायचा आहे.