पिवळ्याला पहिला नंबर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 'एवढ्या निगुतीनं गूळ करता, मग सौद्यात तुमच्या रव्यांना, म्हणजे गुळाच्या ढेपांना, खालचा भाव का?' पाहुण्यारावळ्यांपासून पुण्याच्या गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांचा हाच प्रश्न.

कारण रंग. आमचा गूळ तपकिरी. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात व्यापारी रवा टोकरून कण बघतात, जिभेवर ठेवतात, सगळं खरं. पण नजर आधी रंगावर जाते. गुजरातकडं जाणारा माल पिवळाधमक लागतो, आणि ते गिऱ्हाईक मोठं.

हा रंग निम्मा शिवारातच ठरतो. युरिया भरमसाट, पाणी खारं, की गूळही काळा आणि खारवट. उरलेलं गुऱ्हाळावर. तोडलेला ऊस दुसऱ्या दिवशी तरी गाळायला हवा. ट्रॅक्टर अडकला, वीज गेली, ऊस फडातच पडून राहिला, की गुळाला कण धरत नाही आणि पावसाळ्यात तो चिघळतो. मग मळी. काहिलीतल्या, म्हणजे मोठ्या कढईतल्या, रसात भेंडीचं पाणी घातलं की वर काळी साय जमते. उकळी फुटायच्या आत ती झाऱ्यानं उचलायची. फुटली, की मळी रसातच मुरते. तोवर जाळ घालणाऱ्या जाळव्यानं काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं चिपाड बेतानं सारायचं. गूळ शिजवणारा आमचा गुळव्या यात कुणाचं ऐकत नाही, माझंही नाही. पण मजुरी आधणावर, म्हणजे काहिलीभर रसाच्या दर खेपेवर, ठरलेली असेल तर थांबायचं कुणी? जितकी आधणं, तितके पैसे.

ही घाई झाकायला हायड्रॉस येतो, म्हणजे रंग उजळणारी रासायनिक पावडर. काळा पाक डोळ्यादेखत पिवळा होतो. ठेवल्यावर गूळ पुन्हा काळपटतो, पण तोवर सौदा उरकलेला असतो. त्यातून गुळात उरणारा सल्फर डायऑक्साइड 70 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 70) वर नको, असा नियम आहे. तो नुसत्या नजरेनं कसा मोजणार? 2014 साली कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आनंदच आहे. मळी वेळेवर काढली का, हे त्यातूनही कळत नाही.

आता घरपोच विकतो तर तिथं गिऱ्हाइकांनी दिलेले तारे. 'रंग डार्क, भेसळ वाटते' म्हणून एकच तारा! तपकिरी गुळाला भेसळीचा आळ, आणि पिवळ्याला पाच तारे.

आम्ही मजुरी आधणावरून रोजावर आणली. आधणं कमी निघतात, मळी नीट निघते, यार्डातला भाव खालचाच. घरपोच विक्रीत त्यातलं थोडं भरून निघतं, सगळं नाही.