अर्थ लावला न्हाईसा

बाबांच्या ट्रंकेतून तीसेक एलपी निघाल्या आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात जुना टर्नटेबल पुन्हा फिरू लागला. फिरू लागला, एवढंच. नव्या अँप्लिफायरला 'फोनो' लिहिलेलं भोक नव्हतं, म्हणून मी वायर 'ऑक्स' लिहिलेल्या साध्या भोकात खुपसली. तबलजी रंकाळ्याच्या पल्याड जाऊन बसला आणि गाणारी बाई डासाच्या आवाजात गाऊ लागली.

"मध्ये प्रीअँप लागतो," मेहुणा म्हणाला.

"ह्यांच्या वेळी असला काही डबा नव्हता," आई म्हणाली. होता, जुन्या अँप्लिफायरच्या पोटात होता, म्हणून दिसत नव्हता.

मग मी वाचत सुटलो. पिनेवरच्या कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात. ते शंभरेक पट वाढवणं हे या डब्याचं एक काम, आणि ते सोपं. खरी गंमत दुसऱ्या कामात आहे. रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला असतो, कारण तो मोकळा सोडला तर सुईची वाट एवढी नागमोडी होते की शेजारच्या खोबणीत घुसते. वरच्या पट्टीचे स्वर उलट चढवलेले असतात. वाजवताना ते उतरवले की त्यांच्याबरोबर खरखरही बसते. किती दाबायचं, किती चढवायचं याचं माप अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं 1954 साली ठरवलं. 20 हर्ट्झच्या खोल स्वराला ते वाजवताना जवळपास 19 डेसिबल भरतं. म्हणजे खर्ज वळकटी बांधून पाठवलेला; घरी आल्यावर ती सोडून नीट अंथरायची, हे प्रीअँपचं काम. बाबांच्या लाखेच्या जुन्या रेकॉर्डींची गोष्ट वेगळी. त्या काळी प्रत्येक कंपनी वळकटी आपापल्या पद्धतीनं बांधायची, आणि त्यांना पिनही जाड लागते. त्या मी तूर्त ट्रंकेतच ठेवल्या.

निवडायला बसलो आणि महिना गेला. व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा? मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या जातीच्या कार्ट्रिजची सोय असलेला घ्यावा का? त्या कार्ट्रिजचा आवाज इतका बारीक, की तो हजार पट वाढवावा लागतो, आणि डब्याची किंमतही त्याच बेतानं वाढते. माझं कार्ट्रिज साधं, मूव्हिंग मॅग्नेटचं. ग्लासभर दुधासाठी दारात म्हैस कशाला बांधायची? गंगावेशीत दूधकट्टा आहे की. माझ्या कार्ट्रिजला लागणारी 47 किलोओहमची साधी सोय असलेला, बटणं नसलेला डबा मागवला. बटणं असली की माणूस गाणं सोडून बटणंच ऐकतो, असं माझं मत आहे.

डबा आला, जोडला, आणि घरभर घुंऽऽ सुरू झालं. आलापाच्या आधी घुंऽऽ, आलापाच्या मागे घुंऽऽ. तानपुरा समजून चालवून घ्यावं म्हटलं, तर तो कुठल्याच पट्टीत बसेना. डबा परत पाठवला आणि दीडपट किमतीचा दुसरा आणला. तोही घुंऽऽ, आणि तोही त्याच पट्टीत.

शेवटी लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकला घरी आणलं. त्यांनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. टर्नटेबलच्या मागे हात घातला आणि तिथं लोंबकळणारी एक बारकी वायर वर काढली. तिच्या टोकाला घोड्याच्या नालासारखी चकती होती.

"अर्थ लावला न्हाईसा की तुमी!"

महिनाभर एवढं वाचलं, तरी अर्थ लावायचा राहिलाच होता. त्यांनी चकती डब्याच्या स्क्रूखाली दाबली आणि घुंऽऽ गेलं. खोलीत अशी शांतता झाली की रस्त्यावरच्या भंगारवाल्याची हाक ऐकू आली.

मग केसरबाई केरकरांची एलपी लावली. त्यांच्या गुरूंचा, अल्लादियाखाँसाहेबांचा, इथल्या दरबारशी संबंध; त्यामुळे कोल्हापुरात ही रेकॉर्ड घरचीच वाटते. पहिली तान छातीवर आली. मेकॅनिक मांडी घालून बसले. चहा येईपर्यंत मी त्यांना सांगितलं, की 1977 साली अमेरिकेनं अवकाशात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांत सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड आहे, आणि तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. सोबत पिन आणि कार्ट्रिजसुद्धा दिलंय. प्रीअँप मात्र ज्याला रेकॉर्ड सापडेल त्यानं आपला बघायचा.

"कुठवर गेलंय म्हणायचं ते?"

"एक तर 2400 कोटी किलोमीटरच्या पलीकडं."

त्यांनी बशीतला चहा फुंकला, जरा विचार केला.

"आणि अर्थ कुठं देणार ओ तिथं?"